वेंडेलची माळ

पैज अशी लागली की शेजारच्या वेंडेलला स्वस्त बल्ब लांबून ओळखता आला नाही, तर त्यानं आपल्या बायकोचा फुलाफुलांचा गाऊन घालून माझ्या घरापुढचं गवत कापायचं. ओळखला, तर तसंच मी त्याचं.

महिनाभर हा गडी मागच्या अंगणासाठी बल्बच निवडत होता. शेवटी हातानं फुंकलेल्या काचेच्या बल्बांची माळ आणली. शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडे बार्बेक्यूला अख्खी गल्ली जमली, तेव्हा हातात हॉट डॉग धरून त्यानं कुंपणापलीकडे माझ्या अंगणातल्या माळेकडे बघितलं.

"शी, दातांच्या दवाखान्यातला उजेड. आणि आमचा बघा, मधासारखा ओघळतोय."

"लेका, दुपारीच मी माळा बदलल्या," मी म्हणालो. "तुझी महागाची माझ्याकडे, माझी किराणा दुकानातली तुझ्याकडे. शिडी तुझ्या बायकोनं, डॉटीनंच धरली होती."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे खुर्च्या टाकून बसले आणि वेंडेल गाऊन सावरत माझ्या गवतावर मशीन ढकलू लागला. मला दया आली. म्हटलं, "जाताना तुझी माळ घेऊन जा बाबा."

 

"नको," तो नाक मुरडून म्हणाला, "तुझ्या घराला असलेच दिवे शोभतात."