चार मिलिमीटर

"सत्तेचाळीस," प्राध्यापकांनी जाहीर केले आणि कॅलिपर मिटला.

मेहुण्याने कानावरची पेन्सिल काढली. समोर शिसवीची पट्टी होती. जी गिटारच्या मानेवर बसते आणि जिच्यावर बोटे दाबली जातात, ती. तिच्या वरच्या टोकाशी त्याने सत्तेचाळीस मिलिमीटर अंतरावर दोन रेघा ओढल्या.

"बघा हं, भाऊजी. तुमची जुनी गिटार त्रेचाळीसची. ही चार मिलिमीटरनं रुंद होणार. एकदा कापून मानेला चिकटवली, की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही."

"बदलाचं कारणच नाही. प्रत्येक बोटाचं टोक मोजलंय मी. सरासरी काढलीय."

प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवत. गिटार मात्र ते लग्नाच्या आधीपासून शिकत होते. गाणे एकच, आणि तेही दुसऱ्या ओळीपर्यंत. कारण तिथे तीन बोटे पट्टीवरच्या एकाच घरात शेजारी-शेजारी टेकवावी लागत आणि सुराऐवजी 'ढब' असा आवाज येई. मग ते थांबत, गिटार आडवी धरून पाहुण्यांना दाखवत आणि म्हणत, "मान अरुंद आहे. माझी बोटं जाड. शेजारच्या तारेला लागतात." पाहुणे समजुतीने मान हलवत. हे गृहीतक वर्षानुवर्षे टिकले होते. त्याची कधी चाचणी झाली नव्हती, हे त्याच्या दीर्घायुष्याचे प्रमुख कारण होते.

अखेर गिटार बनवणारा हा मेहुणाच कंटाळून म्हणाला होता, "एकदा तुमच्या मापाची करूनच टाकू." तो बोलला ते करणारा होता, आणि त्याला खोटे बोलता येत नसे. लहानपणी घरात काही फुटले, की आई बहिणीला नव्हे, त्यालाच विचारी.

ती बहीण, म्हणजे प्राध्यापकांची पत्नी, आता भुसा झटकून स्टुलाच्या कडेवर बसली होती. "म्हणजे हिच्यावरही नाही वाजलं, तर दोष बोटांचा. असंच ना?"

"तर्क निर्दोष आहे," प्राध्यापक अभिमानाने म्हणाले.

"बरं झालं. माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनाच बोलावते. एकदा अख्खं गाणं ऐकू दे. वन्सं दर वेळी विचारतात, दादाची दुसरी ओळ संपली का म्हणून."

घरी जाताना प्राध्यापक तीन बोटे हवेत टेकवून पाहत होते.

संध्याकाळी त्यांनी एका फळीवर खिळे ठोकले आणि सहा जुन्या तारा सत्तेचाळीसच्या मापाने ताणून बसवल्या. पूर्वतपासणी, एवढाच हेतू. तीन बोटे टेकवली. एकही बोट शेजारच्या तारेला लागले नाही. जागा ऐसपैस होती. फक्त बोटे वेळेवर पोहोचत नव्हती. एक आधीच येऊन बसे, दुसरे रेंगाळत येई आणि तिसरे भलत्याच घरात शिरे. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. निष्कर्ष तोच आला. पुनरावृत्तीत कायम राहणारा निष्कर्ष म्हणजे काय, हे ते दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना समजावून सांगत.

"हे काय ठोकताय?" पत्नी दारात उभी होती.

"प्रयोग आहे. तारांच्या ताणाचा."

"तारांच्याच ना?" तिने फळीकडे पाहिले, मग त्यांच्या हाताकडे. हात त्यांनी पाठीमागे घेतला होता. "बरं. हात धुऊन या, जेवायला वाढते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाण्याआधी ते मेहुण्याच्या कारखान्यात गेले. उभ्या कारकिर्दीत त्यांनी एकही आकडा बनवला नव्हता. विद्यार्थ्यांचे बनवलेले आकडे ते वासावरून ओळखत. वाटेत त्यांनी वाक्य घोळवून घोळवून पाठ केले होते.

"अरे, एक दुरुस्ती आहे," ते भिंतीवरच्या करवतींकडे पाहत म्हणाले. "हिशेबात कातडीची जाडी दोनदा धरली गेली. नीट वजा केली, की त्रेचाळीसच येतात."

मेहुण्याने टेबलावरचे फडके बाजूला केले. पट्टी कापून झाली होती. मानेवर चिकटवून झाली होती. तिला ओळीने क्लॅम्प आवळलेले होते आणि कडेने सरस बाहेर येऊन वाळला होता.

प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर भरलेली खोली आली, पहिल्या रांगेत त्यांची बहीण, आणि दुसरी ओळ. केवळ हाताला काहीतरी काम हवे म्हणून त्यांनी खिशातला कॅलिपर काढला आणि पट्टीच्या वरच्या टोकाला लावला.

त्रेचाळीस.

त्यांनी कॅलिपर मिटून शून्य तपासले. शून्य जागेवर होते. पुन्हा लावला. त्रेचाळीस.

"अरे, पण रेघा तर सत्तेचाळीसवर होत्या! तुझ्या हातून असं झालंच कसं?"

मेहुण्याचे कान लाल झाले. त्याने रंधा उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"मोजताना माझीच चूक झाली, भाऊजी," तो एका दमात म्हणाला, "आणि वाढदिवसाला सगळ्यांसमोरही हेच म्हणायचं, असं ताईनं काल रात्रीच फोन करून बजावलंय."