साक्षीला बायको

"चूक शंभर टक्के त्या दुसऱ्या गाडीवाल्याचीच," विमा कंपनीच्या सर्व्हेअरला नवरोबांनी छातीठोकपणे सांगितलं. बायकोला साक्षीला आणलं होतं, पण तोंड उघडायचं नाही या बोलीवर.

सर्व्हेअरने टेबलावर स्टेपलर ठेवला. "ही तुमची गाडी. मागे माझा चहाचा कप, म्हणजे ती उभी असलेली गाडी. आता दाखवा."

"मी असा हळूऽऽ, अगदी मागे बघत रिव्हर्स घेत होतो," सर्व्हेअरच्या तोंडाकडे बघत नवरोबांनी स्टेपलर मागे रेटला. कप थेट सर्व्हेअरच्या मांडीत उपडा झाला.

"पण मी म्हणतो, मध्येच ठेवायचाच कशाला?" नवरोबा उखडले.

सर्व्हेअर पँट झटकत उठला. "वहिनी, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

तिने पर्समधला रुमाल त्याच्यापुढे धरला.

"हेच. यांच्या शेवटच्या वाक्यासकट."