फेरतपासणी

जिवतीकडच्या सुगंधाबाईंचे दोन्ही पाय लहानपणापासून लुळे. बंद पडलेली अपंगांची मदत त्यांनी अपील जिंकून परत मिळवली, तर लगेच फेरतपासणीचा फॉर्म भरायला बोलावणं आलं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबू खाली यायला तयार नव्हता, म्हणून बाई हातांवर अंग रेटत जिना चढल्या.

"पायात काई फरक?" बाबूनं विचारलं.

"नाई जी, तसेच हायेत."

"मंग वर कशा आल्या?"

"घसटत आली. तुमी खाली येऊन नाई राह्यले न!"

बाबूनं फॉर्मवर लिहिलं, 'अर्जदार विनाआधार जिना चढतात. प्रकृतीत सुधारणा. मदत बंद करावी.'

ते वाचून बाई हादरल्या. "आता मी अपील कुठी करू?"

 

"अपिलाचं टेबल वरच्या मजल्यावर नेलं हाये, बाई."