चौथं पान

ओमानमधल्या दुक्मच्या कामगार कॅम्पसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. दिवे, पाणी आणि एसी असे त्याचे तीन भाग. प्रत्येक भागाबरोबर सेटिंगचं त्याचं स्वतःचं पान जोडलं जायचं.

भर दुपारी कॅम्पची देखभाल बघणाऱ्या लहूकाकांचा तिथल्या खोलीतून फोन आला. "तृप्ती, हे चौथं पान कशाचं गं?"

मी मस्कतमधल्या अल् घुब्राच्या घरातून त्यांचा स्क्रीन उघडला. चौथ्या पानावर एकच चौकट होती. 'खोलीतली माणसं : २'.

"काका, खोलीत कोण आहे?"

"मीच. नबील सुट्टीवर गेला, खलास. आता मी आणि एसीची घरघर."

मी तिन्ही भाग एकेक करून काढले. त्यांची पानं गेली, चौथं राहिलं. ते कुठून आलं, हे आधी शोधायला हवं होतं. पण आकडा चुकीचा दिसला की माझा हात थांबत नाही. मी दोनच्या जागी एक लिहिलं आणि सेव्ह केलं.

"काका, आता बघा बरं."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. 

"आता बरोबर आहे," पलीकडून उत्तर आलं.

तो आवाज लहूकाकांचा नव्हता.