चारशे सतरा नंबर

“चारशे सतरा नंबरला आज काहीतरी गोड लिही,” विभागप्रमुख मारिट म्हणाली. “तीन आठवडे फिरकला नाहीये.”

नेदरलँड्समधल्या लायडनच्या या क्रीडा संकेतस्थळावर ज्ञानदा क्रिकेटबद्दल लिहायला आली होती. मग एका कॅसिनो कंपनीशी भागीदारी झाली, आणि आता तिचं काम एकच: पैजा लावणं सोडलेल्यांना परत ओढायचं. नावं दिसत नसत, फक्त नंबर आणि सवयी. मेलं कसलं हे काम! पण घरात पगार आता तिचाच होता.

नवऱ्याची, हेमचंद्रची, नोकरी पैजांनीच खाल्ली होती. गेल्या वर्षी त्यानं तिच्यासमोर बसून सरकारी बंदी-यादीत स्वतःचं नाव घातलं. त्या नावाला आता कुठलाच कॅसिनो दारात उभं करणार नव्हता. तरी वर्षभर तो कोमेजलेलाच. एवढ्यात कुठे माणसात आला होता. सकाळी पोहे करायचा, सायकल पुसायचा, हसायचासुद्धा.

“हेमू, माझी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेशील?” तिनं आजच निघताना विचारलं होतं. “माझं लॉगिन तुझ्याच फोनवर आहे.”

“घेतलीसुद्धा. तू इथं आल्यापासून तुझं बँकेचं, सरकारी, सगळं मीच बघतोय ना? जा, ट्रेन चुकेल.”

किती बरं वाटलं होतं तिला.

तिनं चारशे सतराच्या सवयी पाहिल्या. महिलांचं क्रिकेट, शेवटच्या षटकांवर पैजा. कुणाचा तरी नवरा असेल, तिच्या मनात आलं. डोळे मिटून तिनं लिहिलं: ‘शेवटची सहा षटकं उरलीत. तुमच्याशिवाय मजा नाही.’ आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी झूटरमेरच्या घरी दिवा लावलेला नव्हता. हेमचंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“काय झालं रे?”

“काही नाही. डोकं दुखतंय.”

दुसऱ्या दिवशी मारिटनं लांबूनच अंगठा उंचावला. “तुझा मेसेज जबरदस्त लागू पडला गं! दुपारभर खेळला, थांबतच नव्हता. कंपनी त्याला सामन्याची तिकिटं देतेय. सोबतचं पत्र तूच लिही, तुला नाव उघडता येईल आता.”

ज्ञानदानं चारशे सतरावर क्लिक केलं.

ज्ञानदा हेमचंद्र खांबेटे, झूटरमेर.