एकशे चाळिसावं पान

भर दुपारी कपाटाची कडी वाजली. मी दचकून उठले, लेकही जागी झाली.

कपाटात साड्यांखाली माझी कादंबरी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन लेखकाची, संसार सोडून आगगाडीत बसणाऱ्या बाईची. मी एकशे बाराव्या पानावर होते. काल मात्र एकशे चाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला दिसला. सासूबाईंची पाळत! आता हे ह्यांच्या कानावर जाणार, याची मला खात्रीच होती.

लेकीला कडेवर घेऊन दबक्या पावलांनी कपाटाच्या खोलीत गेले. सासूबाई जमिनीवर बसलेल्या, पुस्तक मांडीवर उघडं. चष्मा कपाळावर सारून डोळे पुसत होत्या.

"चोरून वाचता होय?"

"तू तरी कुठं उघड वाचतेस?" पानावर हात ठेवत त्या म्हणाल्या, "अगं, हा मेला तिकडचा, अमेरिकेतला. आमच्या स्वयंपाकघरात कधी डोकावून गेला? मीही एकदा पिशवी भरून एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. दोन गाड्या सोडल्या नि परत आले."

मग त्या माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. तेवढ्यात लेकीनं माझी हनुवटी धरून विचारलं, "आई, तू पण जाणार?"