फोनचे कान

"तंबू," भाष्यकार फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. मग जरा थांबून, शाळेत शुद्धलेखन घालतात तशा सावकाश आवाजात, "मोठा तंबू. चार माणसांचा. कुठे मिळेल बरं?"

फोन टेबलावर गप्प पडून होता. पलीकडे बायको चहा गाळत होती आणि तिचं काहीतरी सांगणं चालू होतं. भाष्यकारांनी हात वर करून तिला थांबवलं. प्रयोगाच्या वेळी मध्येच दुसरे शब्द घुसले तर सगळंच मुसळ केरात जायचं. ती थांबली आणि चहा घेऊन आत गेली.

भाष्यकार हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून मोबाइल कंपन्यांची सालटी काढायचे, म्हणून तिथल्या मंडळींनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. नवा फोन म्हणजे जुनाच फोन, फक्त डब्यातला चार्जर काढून घेतलेला, असं त्यांचं मत होतं. अपडेट म्हणजे धड चालणाऱ्या गोष्टीला घातलेला खोडा. रोजच्या सवयीचं बटण उचलून भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवणाऱ्या माणसाला त्याबद्दल पगार मिळतो, याचा तर त्यांना मनापासून राग यायचा. पण सगळ्यात मोठा आरोप वेगळाच होता. फोन चोरून ऐकतो, असं ते छातीठोकपणे सांगायचे. घरात नुसता पंख्याचा विषय निघावा आणि तासाभरात फोनवर पंख्यांच्या जाहिराती याव्यात, याला दुसरं काय म्हणायचं?

बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या. त्यांना हे पटत नव्हतं. आपणच कधीतरी शोधलेलं असतं आणि विसरून जातो, असं त्या म्हणायच्या. तेव्हा भाष्यकारांनी फोनची परीक्षा घ्यायचं ठरवलं. फोनवर काही लिहायचं नाही, शोधायचं नाही, नुसतं बोलायचं. तंबू निवडला, कारण त्यांच्या सात पिढ्यांत कोणी तंबूत झोपलं नव्हतं. जाहिरात आलीच, तर चोर रंगेहाथ सापडला.

तंबू काही आला नाही. आलं ते भलतंच. डोंगरातल्या कुठल्याशा गावात भाड्याने मिळणारी घरं, दोन खोल्यांची, खिडकीतून उतार दिसणारी. जाड डबल रजया. दोन माणसांपुरती भांडी. भाष्यकारांनी फोन बाकावर हातोहात फिरवला. काही दिवसांनी त्यात आणखी गंमत झाली. घरं दोन खोल्यांवरून एका खोलीवर आली, रजया सिंगल झाल्या आणि भांड्यांच्या जागी एक एवढीशी किटली आली.

कंपनीलाही मंदीची झळ लागलेली दिसते, असं भाष्यकार म्हणाले आणि सगळा बाक हसला.

मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. घरात कोणी असं काही बोललं असेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

"छे हो," भाष्यकार म्हणाले. "आमच्या घरात बोलतो तो मीच."

मग त्यांनी निकालही देऊन टाकला. फोन ऐकतो, पण अक्कल नसल्यामुळे शेजारच्या घरातलं ऐकतो आणि आपल्या गळ्यात मारतो. निकाल त्यांना स्वतःलाच इतका आवडला, की तो बायकोला कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं. त्या दिवशी ते बाकावरून नेहमीपेक्षा लवकर उठले आणि झपाझप घरी आले.

बायको बाहेरच्या खोलीत पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. डोळ्यांच्या दवाखान्यात ती सिस्टर होती. तिचे पांढरे कोट इस्त्री करून एका बाजूला ठेवले होते, शेजारी बॅग उघडी होती. भाष्यकारांनी बॅगेकडे पाहिलंही नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि किटलीपर्यंतची सगळी हकीकत रंगवून सांगितली.

"आता तूच सांग," ते शेवटी म्हणाले. "या घरात डोंगरातल्या खोलीचं नाव तरी कोणी काढलंय का?"

"मी काढलंय," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. दवाखान्याची नवी शाखा त्या गावात निघत होती आणि तिथे मोठी सिस्टर म्हणून दोन वर्षं जाशील का, असं तिला विचारलं होतं. विचारलं त्याच दिवशी तिने घरी सांगितलं होतं. त्यानंतर रोज चहाच्या वेळी विषय काढला होता. तुम्हीही चला, आता तुम्ही मोकळेच आहात, हवा छान आहे, दोन खोल्या पुरतील, असं ती म्हणत होती. त्यावर फोनमधून डोकं वर न काढता ते कधी "बरं" म्हणाले होते, कधी "बघू". पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले, तेव्हा ती एकटीपुरतं बोलायला लागली. परवा तिने दवाखान्याला होकार कळवला होता. बस उद्या सकाळची होती.

त्यातला एखादा तरी शब्द आठवावा म्हणून भाष्यकारांनी खूप डोकं खाजवलं. एकही आठवेना, आणि त्याची त्यांना त्या बॅगेपेक्षा जास्त भीती वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाला त्या क्षणी एकच वाक्य सुचलं.

"म्हणजे फोन खरंच ऐकत होता," ते हळूच म्हणाले.

तिने शेवटचा कोट बॅगेत ठेवला आणि चेन ओढली.

"ऐकत असेल," ती म्हणाली. "पण मी त्याला सांगत नव्हते."